बिननावाची होडी

२४ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा तेच! संध्याकाळी होडीवर समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतत होते आणि व्हर्लीन चर्चमधून परतताना मुद्दाम थांबली. माझी जाऊ. गॉडविनची बायको. डोक्यावर ती पिवळी हॅट, हातात वहाणा. म्हणाली, एवढं पाणी आंब्याला घातलं असतंस तर आंबे तरी खाल्ले असते.

मी पुढची बादली ओतली. तिला माहीत आहे सगळं. लाकडी होडी वाळूवर कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. माझा नवरा लेनॉक्स ब्रुकलिनला कामाला जाताना हेच एक सांगून गेला – हिला सुकू देऊ नकोस. तेव्हा नुसत्या बरगड्या होत्या वाळूवर. मी बरगड्यांवरही पाणी घालायचे. आमच्या विंडवर्ड गावातलं लहान पोरसुद्धा माझ्या मागे हसत फिरायचं. मग ब्रुकलिनहून त्याची पिंपं यायला लागली – खिळे, स्क्रू, दोर, तळाचा लाल रंग – आणि गॉडविन, त्याचा थोरला भाऊ, एकेक फळी चढवत गेला. अकरा वर्षं लागली खरी, पण झाली पुरी. आता दोन वर्षं टेकूंवर उभी आहे आणि मालकाची वाट बघते आहे. पहिला टेकू मालकानं तोडायचा. नाव मालकानं ठेवायचं. नावाचं निशाण होडी पाण्याला लागेपर्यंत गुंडाळलेलं ठेवायचं. आमच्याकडे असंच चालतं. मालकाशिवाय होडी सोडली असं मी तरी ऐकलेलं नाही.

निशाणाचं पांढरं कापड माझ्या पेटीत आहे. नाव त्यानं अजून सांगितलेलं नाही. 'आल्यावर सांगीन, आधी फुटायला नको.'

मला वाटतं, ते माझंच नाव आहे. हे इथंच राहू दे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

शेवटची साबणाची वडी काढली. नाताळच्या पिंपात आल्या होत्या, तांब्याच्या खिळ्यांमध्ये दबून वाकड्या झालेल्या. पिंपभर होडीचं सामान आणि तळाशी माझे साबण! तरी वास कसला! अंघोळ करून ओसरीवर बसले तर वाटलं, कोणीतरी शेजारी येऊन बसलंय. आता ही वडी संपेल, मग नाताळपर्यंत काही नाही.

शाळा उघडायची आहे. गणवेश शिवायचे पडलेत. आठ पिनोफ्रॉक, चुण्या सगळ्या राहिल्यात.

होडीच्या सावलीत दुपारभर डॉमिनो चालला होता. अर्धं गाव तिथंच पडलेलं असतं. रेडिओ म्हणाला, आफ्रिकेकडून काहीतरी निघालंय. कोणी मान वर केली नाही. दर वर्षी निघतं आणि आपल्याला सोडून वर उत्तरेकडे जातं.

२७ ऑगस्ट, बुधवार

वादळाला नाव मिळालं. समुद्रात भोवरा धरून एक रात्र झाली नाही तोवर बारसं! माझी होडी दोन वर्षं उभी आहे, तिला नाही. मी त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही.

रात्री जेवायच्या वेळी गॉडविन आला. मक्याच्या पिठाचं कू-कू आणि मासा वाढला, त्यानं ताट रिकामं केलं, मग काटा खाली ठेवून बोलला. गॉडविन कमी बोलतो. म्हणाला, हे वर जाणार नाही, हे सरळ येतंय. सगळ्या होड्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला, टिरेल बेच्या खारफुटीत न्यायच्या, हिलाही न्यायची. वाळूवर राहिली तर पहिल्याच लाटेत तिचं सरपण होईल.

मी म्हटलं, लेनॉक्स आल्याशिवाय कशी सोडायची?

तो म्हणाला, मग फोन कर त्याला.

जाताना होडीपाशी थांबला. बराच वेळ तिच्या पोटावर हात ठेवून उभा होता. फळ्या त्यानंच तर बसवल्यात.

२८ ऑगस्ट, गुरुवार

फोन लागत नाही. किंवा तो उचलत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लागला! पहाटे. त्याचा आवाज ऐकला की जे बोलायचं ते विसरून जाते. आधी विचारलं, जेवलास का. ब्रुकलिनमध्येही पहाट होती! तो हसला. ते हसू मी दिवसभर पुरवून वापरलं.

मग सांगितलं. वादळ, गॉडविन, खारफुटी. त्यानं लगेच थांबवलं. म्हणाला, "ते वर जाईल, इस्मे. नेहमी जातं. माझ्याशिवाय टेकूला हात लावायचा नाही, गॉडविनला सांग. मी नाताळात येतो. मग सोडू, मेंढी कापू, ढोल आणू, सगळं रीतसर."

नाताळात येतो! 'पुढच्या वर्षी' नाही म्हणाला. नाताळ म्हणाला. महिना सांगितला तेरा वर्षांत पहिल्यांदा!

गॉडविनला निरोप दिला. तो स्वतःच्या मच्छीमारीच्या होडीत दोर भरत होता. व्हर्लीन म्हणाली, ब्रुकलिनच्या खिडकीतून त्याला आमचं आभाळ बरं दिसतं!

दुपारी टँटी क्लेमीच्या – साऱ्या गावाची ती मावशी – खिडक्यांना फळ्या ठोकायला गेले. म्हातारीला एकटीला जमत नाही. मी ठोकत होते, ती खिळे देत होती. मध्येच म्हणाली, तू होडी का सोडत नाहीस ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, लेनॉक्सनं नको सांगितलंय. ती म्हणाली, ते झालंच. पण होडी गेली की त्याला यायला कारण उरणार नाही, म्हणून तुझा जीव अडकलाय.

हातोडी बोटावर बसली. अजून काळंनिळं आहे.

टँटीचा नवरा अरुबाला तेलाच्या कारखान्यात गेला होता, माझ्या जन्माच्या आधी. ती म्हणाली, "मी रोज त्याचं ताट झाकून ठेवायचे. वर्षानुवर्षं. शेवटी माझी कुत्री एवढी लठ्ठ झाली की तिला चालवेना."

दोघी हसलो. मग ती माझ्या बोटावर फुंकर घालत बसली.

खरं आहे म्हातारीचं. इथं लिहायला काय हरकत आहे? होडी वाळूवर आहे तोवर तो माझा आहे. ती पाण्यात गेली की माझ्याकडे त्याला दाखवायला काय? ही पन्नाशीची बाई, शिवणयंत्र आणि निळा शर्ट. शर्ट त्याचाच, दारामागे टांगलेला. जायच्या आदल्या दिवशी घातला होता. धुतला नव्हता मी कितीतरी वर्षं. मग उंदरानं कुरतडला म्हणून धुतला. त्या दिवशी जेवले नाही.

नाताळ. चार महिनेच तर आहेत.

३० ऑगस्ट, शनिवार

काय लिहू! हात भरून आलेत, पेन धरवत नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पहाटे उठले तर वारा अजिबात नाही. पान हलत नव्हतं. समुद्र तेलासारखा सपाट, आणि पक्षी नाहीत. एकही नाही. कोंबड्या झाडावरून उतरायला तयार नाहीत. किनाऱ्यावर गेले तर तो मोकळा! सगळ्या होड्या निघून गेलेल्या. गॉडविनची तेवढी उथळ पाण्यात उभी, इंजिन चालू. तो माझ्यासाठी थांबला होता. दोराची गुंडाळी उगीच उलगडत होता.

मी होडीपाशी गेले. सवयीनं बादली घेऊन. आणि भरून ओतायला गेले तेव्हा एकदम वाटलं – मी हिला इतकी वर्षं पाणी पाजतेय आणि आता उद्या हिला फोडायला ठेवणार? कशासाठी? त्यानं 'नाताळ' म्हटलं म्हणून?

रडले. तिथंच. मग गॉडविनला म्हटलं, कुऱ्हाड दे.

त्यानं कुऱ्हाड दिली, पण स्वतः मागे सरला. पहिला टेकू त्यानं तोडला तर तो मालक झाला असता, आणि ते त्याला नको होतं. मी तोडला. पाच-सहा घाव लागले, वेडेवाकडे. एक तर वाळूतच गेला. होडी एवढीशी कण्हली आणि कलली.

पुढे माणसं हवीत. अशी होडी लोळवून, ओंडक्यांवरून, कप्पीनं खेचत न्यायची म्हणजे एरवी सगळं गाव दोराला लागतं. आणि आज सगळं गाव स्वतःच्या छपरावर खिळे ठोकतंय! कोण येणार? कोणाला कशी हाक मारायची? मी नुसती उभी राहिले. गॉडविननं शंख फुंकला. तीनदा, लांब.

आधी व्हर्लीन आली. डोक्याला फडकं, पिवळी हॅट नाही. मग डॉमिनोवाले एकेक. शाळेच्या बाई आल्या, त्यांचा नवरा आला, तोंडात खिळे तसेच. ज्यांचे पिनोफ्रॉक माझ्याकडे अर्धवट पडलेत त्या सगळ्या आया. टँटी क्लेमीही काठी टेकत आली. कोणी विचारलं नाही, लेनॉक्सचं काय म्हणणं आहे. एक जण एवढंच म्हणाला, इतकी वर्षं हिच्या सावलीत बसलोय.

मेंढी कुठली आणणार! पाद्री पलीकडे बंदराच्या गावी, हिल्सबरोला अडकलेला. टँटीनं आधी पूर्वजांचं ताट लावायला लावलं, त्याशिवाय दोराला हात लावू देईना. घरात होतं ते मांडलं – सोडा बिस्किटं, डब्यातले सार्डिन, अर्धी वाटी जॅक आयर्न रम. म्हणाली, मुकाट्यानं खातील. वादळं त्यांनीही पाहिलीत. उरलेली रम होडीच्या नाकावर ओतली.

मग ओढलं. गॉडविन हाक द्यायचा आणि आम्ही सगळे एकदम. हाताची सालं निघाली. अर्ध्या वाटेवर ती रुतली, तेव्हा वाटलं संपलं. आकाश पूर्वेकडून पितळेसारखं होत चाललेलं. पोरांनी वाळू उकरली, ओंडके पुन्हा घातले, पुन्हा ओढलं. आणि मग अचानक दोर ढिला पडला. आम्ही सगळे एकावर एक पडलो. मान वर करून पाहिलं तर ती पाण्यात. सरळ उभी, हलत होती. किती हलकी दिसत होती! मी तिला कधी हलताना पाहिलंच नव्हतं.

कोणीतरी ओरडलं, नाव काय? नाव सांगा! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अजून नाही. मग सगळ्यांनी तशीच आरोळी ठोकली, बिननावाची.

गॉडविन तिला ओढत घेऊन गेला. मीही तिच्यावर होते, पाणी उपसायला. सांधे गळत होते, पण थोडेच. त्या बादल्यांचं चीज झालं म्हणायचं.

३१ ऑगस्ट, रविवार

काल अंधार पडेपर्यंत टिरेल बेत होतो. खारफुटी गच्च भरलेली. गॉडविननं आधी माझी होडी आत घातली, पार आतल्या चिखलापर्यंत, आणि मुळामुळांना दोर बांधले, चहूबाजूंनी. मी म्हटलं, तुझी? म्हणाला, तिला जागा होईल. झाली ती तोंडापाशी. बाहेरच्या अंगाला. मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं.

घरी येऊन त्याच्या घराखालच्या सिमेंटच्या खोलीत सामान हलवलं. जाळी ठेवतात ती खोली. मी होडीसाठी शिवलेली शिडं आधीपासून तिथंच आहेत. आम्ही तिघं आणि टँटी. टँटीनं कोंबडा आणलाय.

लेनॉक्सला फोन केला. सोडली, हे सांगायला. उचलला नाही. बरं झालं. तरी पुन्हा केला.

पाऊस आडवा यायला लागला. ही वही बिस्किटांच्या डब्यात घालते.

१ सप्टेंबर

वरचं छप्पर गेलं. आवाज आला, मग फटीतून उजेड. टँटी माझ्या मांडीवर. लेनॉक्स, तू इथं असतास तर

३ सप्टेंबर, बुधवार

माणसं सगळी आहेत. आधी ते लिहिते. व्हर्लीनच्या कपाळाला टाके घातले शाळेच्या बाईंनी, शिवायच्या दोऱ्यानं, माझ्याच रिळातल्या.

बाकी काही नाही. माझं घर नाही. पायऱ्या आहेत. पायऱ्या चढून वर गेलं की समुद्र दिसतो, सरळ, मधे काही नाही. यंत्राचा पाय सापडला. झाडांना एक पान नाही, टेकड्या तपकिरी, कोणीतरी आग लावून गेल्यासारख्या. सगळं गाव एकमेकांना दिसतं. कोण काय करतंय ते लांबून कळतं. काल व्हर्लीन पायरीवर बसून केस विंचरत होती, ते मला माझ्या पायरीवरून दिसलं. तिनंही मला पाहिलं. हात केला.

होडी उभी होती ती वाळूच वाहून गेली आहे. तिथं आता दगड आहेत. तिथंच असती तर!

फोन बंद. मनोरा आडवा पडलाय.

तो ऐकत असेल बातम्या. वेडापिसा झाला असेल. मला फोन लावत असेल, पुन्हा पुन्हा. त्याला सांगायला हवं मी जिवंत आहे. दुसरं काही सुचत नाही.

निळा शर्ट सापडला! खालच्या कुंपणाच्या तारेत अडकलेला, एक बाही नाही. कवटाळून बसले. समुद्राचा वास येत होता, बाकी कशाचा नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टिरेल बेला चालत गेलो, गॉडविन आणि मी. रस्त्यावर झाडंच झाडं, अर्धा दिवस लागला.

खारफुटीच्या तोंडाशी होड्यांचा ढीग. एकावर एक. परदेशी माणसांच्या पांढऱ्या यॉट तर चमच्यांसारख्या एकमेकींत रुतलेल्या. गॉडविनची त्यांच्याखाली. नाकाचा तुकडा वर, निळा रंग, त्यावरून ओळखली. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि तिच्या नाकावर थोपटलं दोनदा, गाढवाला थोपटतात तसं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आत माझी नसती तर तिथं त्याची असती.

आणि माझी! चिखलात कललेली, दोर तसेच, एका फळीला खरचटलेलं. बस. आत हात घातला तर कोरडी! मी रडले ते तिच्यासाठी की गॉडविनसाठी, देव जाणे.

तो म्हणाला, वादळाआधी तुझी डोलकाठी घरामागच्या शेडखाली वाळूत गाडून ठेवली ना, ती असेल. शिडं तुझी आहेतच. मग म्हणाला, "इस्मे, विंडवर्डमध्ये तरंगणारी ही एकच आहे. ग्रेनडाच्या मोठ्या बेटावरून पाणी आणावं लागेल. देशील?"

गॉडविन मला विचारत होता! ज्यानं ती बांधली तो! मी म्हटलं, विचारतोस काय.

८ सप्टेंबर, सोमवार

परवा सगळ्यांनी मिळून डोलकाठी चढवली, शिडंही. काल पहाटे ती ग्रेनडाला निघाली, आज संध्याकाळी आत आली. पाणी, तांदूळ, ताडपत्र्या, लहान पोरांचं दूध. विंडवर्डची सगळी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हातोहात उतरवत होती. मी टँटीला तिची ताडपत्री नेऊन दिली. तिनं आधी कोंबड्यासाठी आडोसा केला.

तिथल्या बंदरावर साहेबानं विचारलं, होडीचं नाव? गॉडविन म्हणाला, अजून नाही. साहेब म्हणाला, वादळ म्हणून यावेळी सोडतो, शनिवारी याल तेव्हा नाव लिहूनच या. गॉडविननं मला येऊन सांगितलं. व्हर्लीन म्हणाली, आता विचार एकदा त्या महाशयांना.

विचारायचंच आहे. एवढी वर्षं थांबले त्या नावासाठी.

लेनॉक्स, आज ती शीड उभारून आत येताना तू पाहायला हवं होतंस. मी तुझ्या जागी उभं राहून पाहिली.

९ सप्टेंबर, मंगळवार

चॅपेल हिलच्या माथ्यावर उभं राहिलं की फोन लागतो. पन्नास माणसं रांगेत, जो तो ओरडून बोलतोय, मी आहे, आम्ही आहोत, आजी आहे. माझ्या फोनमध्ये त्याचे निरोप होते. वादळाच्या रात्रीपासूनचे, बरेच. व्हर्लीननं फोन माझ्या कानाशी धरला.

पहिला – होडी सोडली असं एकाकडून कळलं, खरं का?
दुसरा – होडी कुठं आहे?
तिसरा – गॉडविन फोन उचलत नाही, होडीचं काय?

पुढचेही तसेच. मी सगळे ऐकले. शेवटपर्यंत. मला वाटलं, शेवटच्यात असेल.

मग फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पहिल्या घंटेला!

म्हणाला, "होडी?"

मी म्हटलं, आहे. धडधाकट आहे.

त्यानं मोठा श्वास सोडला. मला ऐकू आला. मग एका दमात – शाब्बास, कोणाला हात लावू देऊ नकोस, लोक मागायला येतील, गॉडविनलाही नाही, मी तिकीट काढतो, शनिवारच्या फेरीबोटीनं येतो.

शनिवारी येतो. एवढ्या लवकर येता येतं!

मी थांबले. वाटलं, आता विचारेल. घर आहे का. कुठं झोपतेस. हाताला काय झालं हे त्याला दिसणार नाही, पण कशी आहेस एवढं तर फोनवरही विचारता येतं. मागे रांगेत एक म्हातारा त्याच्या लेकीला सांगत होता, शेळीसुद्धा वाचली गं. लेकीनं शेळीचीही चौकशी केली असणार.

मग मीच विचारलं. म्हटलं, लेनॉक्स, तिचं नाव काय ठेवायचं होतं?

"कसलं नाव?"

होडीचं. आल्यावर सांगीन म्हणाला होतास.

"अगं, ते अजून कुठं ठरवलंय! आल्यावर बघू."

पैसे संपले, फोन बंद पडला. किंवा मी बंद केला.

टेकडी उतरताना व्हर्लीन माझ्या पुढे चालत होती. एक टोमणा नाही. तेच जास्त लागलं.

१० सप्टेंबर, बुधवार

शनिवारी येतोय. साबणाचा तुकडा ढिगाऱ्यात शोधला. नाही सापडला.

मला तो हवाच आहे. काल एवढं ऐकूनही हवा आहे. काय करायचं या जिवाचं?

११ सप्टेंबर, गुरुवार

निशाणाचं कापड पेटीबरोबर गेलं. टँटीनं तिची चादर दिली, लग्नातली. अक्षरांसाठी रंगीत कापड कुठंच नव्हतं. होता तो निळा शर्ट.

कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले. मग पाठीचा भाग उलगडला. उंदरानं कुरतडलेलं सोडून कापलं. अक्षरं सगळी बसली, नीट. संध्याकाळपर्यंत हातानं टाचली. व्हर्लीन सुईत दोरा ओवून देत होती. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, पहिलं अक्षर जरा वाकडं आलंय.

उसवून पुन्हा लावलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

होडीतून लिहिते आहे, अक्षर हलतंय. ग्रेनडाला चाललो आहोत, पाणी आणायला. निघताना निशाण मीच उलगडलं. बंदराच्या वहीत गॉडविन तेच लिहील – इस्मे.

हिल्सबरोसमोर फेरीबोट आत येताना दिसली. गॉडविन म्हणाला, वळवू का? कठड्याशी माणसांची गर्दी होती. एक जण डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत होता. त्याचेच खांदे. मी कुठंही ओळखीन.

मी म्हटलं, नको, वारा चांगला आहे. उद्या-परवा येऊच की आपण. तोवर बघेल तो वाट.

टँटीला सांगून आले आहे, त्याला जेवायला वाढ.